परिचयपत्रातील ‘वर्ण’ आणि ‘बांधा’ या रकान्यांत काय लिहावे?

रानजाई (सांगली)

नमस्कार. माझी मुलगी सत्तावीस वर्षांची आहे. ती स्थापत्य अभियंता असून गेली चार वर्षे पुलांच्या बांधकामावर काम करते, त्यामुळे दिवसातले पाच-सहा तास तरी ती उन्हात उभी असते. तिच्या संमतीने आम्ही दोघी गेल्या आठवड्यात एका वधू-वर सूचक मंडळात नाव नोंदवायला गेलो होतो. दोन पानी अर्जात जन्मवेळ, शिक्षण, उत्पन्न यांच्याच ओळीत ‘वर्ण’ आणि ‘बांधा’ असे दोन रकाने होते आणि त्यांच्यापुढे पर्यायही छापलेले होते: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा; सडपातळ, मध्यम, स्थूल. मुलीने दोन्ही कोरे सोडले. टेबलापलीकडच्या बाईंनी अर्ज परत आमच्याकडे सरकवला आणि अगदी आपुलकीने सांगितले, “कोरं ठेवू नका हो, कोरं दिसलं की लोक वाईटच धरतात. गव्हाळ लिहा, सगळे तेच लिहितात. आणि बांधा मध्यम लिहा, तोवर चार किलो उतरवेलच ती.” मुलीने अर्जाची घडी घातली आणि तो पर्समध्ये ठेवला. तो अजून तिथेच आहे.

घरी आल्यावर ही हकिकत मी आईला सांगितली, तेव्हा तिने कपाटातून स्वतःचा एक जुना फोटो काढून दाखवला. तिचे लग्न १९७३ मध्ये, म्हणजे दुष्काळाच्या साली झाले. त्याआधी दोन स्थळांनी तिला नाकारले होते आणि दोन्ही वेळा कारण एकच होते: मुलगी किडकिडीत आहे, अंगात काही धरत नाही, हिला पुढे बाळंतपण झेपायचे नाही. मग आजीने तीन महिने तिला रोज रात्री खारीक घातलेले दूध आणि शतावरी कल्प दिला, आणि तिसऱ्या वेळी पाहुणे आले तेव्हा साडीच्या आत दोन परकर घालायला लावले, त्यातला आतला कडक खळ घातलेला. फोटोत आई खरोखरच अंगाने भरलेली दिसते. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा गल्लीतल्या बायका “लग्न मानवलं हो तुला” असे म्हणाल्या, ते वाक्य ती आजही कौतुकाने सांगते.

आता गंमत पाहा. गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नात माझ्या मुलीने साडीच्या आत परकराऐवजी ते घट्ट ताणाचे शेपवेअर घातले होते, कारण त्यात कंबर आणि मांड्या आवळल्या जातात आणि साडी चापून बसते. तिला जेवताना नीट बसवतही नव्हते. आजीने दोन परकर घालून जे अंग वाढवले, तेच नातीने एक परकर काढून आवळले. दोघींना पाहायला आलेल्यांची नजर मात्र एकच होती, असे मला वाटते.

आपल्या भाषेतही हा गोंधळ आहे. ‘तब्येत’ या एका शब्दात आपण आरोग्य आणि अंगाची जाडी या दोन्ही गोष्टी बसवल्या आहेत. पूर्वी ‘तब्येत उतरली’ म्हटले की काळजी वाटे आणि ‘तब्येत सुधारली’ म्हणजे वजन वाढले असा अर्थ होई. आज ‘ती तब्येतीने जरा जास्तच आहे’ हे नकार कळवण्याचे सभ्य वाक्य झाले आहे.

माझा प्रश्न व्यवहाराचा आहे आणि थोडा विचाराचाही आहे. पन्नास वर्षांत माप पूर्ण उलटे झाले, पण मापणे काही सुटले नाही, याचे कारण काय असावे? आणि त्या रकान्यांत मुलीने काय लिहावे?

काजबटण (नाशिक)

रानजाईताई, मी सव्वीस वर्षे ब्लाउज शिवते, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाबद्दल मला माझ्या मापांच्या वहीतूनच उत्तर देता येईल.

माझ्या सासूबाई शेवटपर्यंत नऊवारी आणि खणाची गाठीची चोळी वापरत. गुळेदगुड्डचा खण, पुढे गाठ, ना हुक ना बटण. अंग सुटले की गाठ थोडी सैल बांधायची, आजारपणात वाळल्या की आवळून बांधायची. एकच चोळी बाळंतपणाच्या आधी, बाळंतपणात आणि नंतरही चालत असे. नऊवारीचेही तेच होते, कारण न शिवलेल्या कापडाला माप नसते. पुढे सहावारी आली, परकर आला, हुकाचा ब्लाउज आला. हुक गाठीसारखा तडजोड करत नाही. तो एक तर लागतो नाही तर लागत नाही. आणि ज्या दिवशी तो लागत नाही, त्या दिवशी बाई ब्लाउजला दोष देत नाही, स्वतःला देते. हे मी माझ्या दुकानाच्या पडद्याआड हजार वेळा ऐकले आहे.

तरीही आमच्या धंद्यात या कडकपणावर एक उतारा होता, त्याला आम्ही ‘माया’ म्हणतो. बाजूच्या शिवणीत आतल्या बाजूला जे जादा कापड दुमडून ठेवतात ती माया. मी दुकान सुरू केले तेव्हा प्रत्येक मुलीची आई न चुकता सांगे, “दीड-दोन इंच माया ठेवा, लग्नानंतर लागेल.” अंग बदलणार हे त्यांनी गृहीतच धरलेले असे. आता नवऱ्या मुली येतात त्या मोबाइलवर एक फोटो दाखवतात आणि म्हणतात की माया ठेवू नका, जाळीच्या कापडातून ती दिसते. त्याहून नवे म्हणजे त्या आजचे माप देतच नाहीत. “कंबर तीस धरा, लग्नापर्यंत मी होईन तेवढी,” असे सांगतात. त्यामुळे माझ्या वहीत आता एका नावापुढे दोन आकडे असतात, एक टेपचा आणि एक वचनाचा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका मुलीने कार्तिकात माप दिले, लग्न माघात होते. टेप कमरेला चौतीस दाखवत होती आणि तिला तीस हवे होते. मी दोनदा विचारले, तिने दोनदा तेच सांगितले. हळदीच्या आदल्या संध्याकाळी ती आणि तिची मोठी बहीण दुकानात आल्या. तीन महिने रात्रीचे जेवण सोडूनही ब्लाउजचे शेवटचे तीन हुक लागत नव्हते. मुलीच्या डोळ्यांखाली काळे झाले होते आणि हात थंडगार होते. मी तिला चहा-बिस्किटे दिली, ब्लाउज उलटा केला आणि बाजूची शिवण उसवली. आत दोन्ही बाजूंना मिळून साडेतीन इंच माया होती. तिच्या सांगण्याविरुद्ध मी ती अस्तराच्या आत दडवून ठेवली होती. गिऱ्हाइकाचे न ऐकल्याबद्दल मला अजूनही थोडी रुखरुख वाटते, पण फार नाही.

वर्णाच्या रकान्याबद्दल बोलायचे तर, ‘गव्हाळ’ हा शब्द मला आमच्या ‘फ्री साइझ’सारखा वाटतो. तो सगळ्यांना होतो असे सांगतात आणि नीट कुणालाच होत नाही.

ओलिओग्राफ

काजबटणताईंचे लिहिणे फार आवडले, पण त्यावरून कुणी असे समजू नये की नऊवारीच्या काळात आदर्श नव्हता आणि तो दूरचित्रवाणीने आणला. वेरूळ-अजिंठ्याच्या शिल्पांत आणि चित्रांत बारीक कंबर आणि भरदार नितंब हे ठरलेलेच आहेत, आणि संस्कृत काव्याने ‘सिंहकटी’चा छापा कित्येक शतके चालवला. फरक इतकाच होता की तो छापा दगडात आणि पोथीत होता; गिरगावातल्या किंवा वाईतल्या बाईला त्याच्याशी स्वतःची रोज तुलना करावी लागत नव्हती. ती तुलना घरात आली ती छापील चित्रांमुळे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर लागल्या. त्या चित्रांतल्या स्त्रिया आजच्या मोजमापाने ‘मध्यम ते स्थूल’ या रकान्यात बसतील, पण रंगाने त्या जवळजवळ सगळ्या उजळ आहेत. म्हणजे बांध्याचा आदर्श शंभर वर्षांत पुरता फिरला, वर्णाचा मात्र तसूभरही हलला नाही. रानजाईंनी विचारलेले दोन रकाने शेजारी असले तरी त्यांचा इतिहास एकसारखा नाही, हे त्यामुळे लक्षात घ्यावे लागेल.

आणखी एक साधी वस्तू आठवते. माझ्या पणजीच्या फणेरपेटीतला आरसा एवढा लहान होता की त्यात कपाळ आणि फार तर नाक दिसे. कुंकू नीट लागले की नाही, एवढेच तो सांगे. पुरा देह दाखवणारा आरसा आमच्या घरात आला तो आत्याच्या लग्नाच्या वेळी घेतलेल्या लोखंडी कपाटाच्या दारावर. घरातल्या बायका त्यापूर्वी स्वतःला पाठीमागून किंवा बाजूने कधी पाहतच नसत.

१९९४ मध्ये एकाच वर्षी दोन भारतीय मुलींना विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी हे किताब मिळाल्यानंतर गावोगावी ब्युटी पार्लरे आणि सौंदर्यस्पर्धा कशा फोफावल्या, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेच आहे. त्याच्या दोनच वर्षे आधी मधू सप्रे ही मराठी मुलगी त्याच विश्वसुंदरी स्पर्धेत तिसरी आली होती. ती सावळी, उंच, खेळाडूच्या बांध्याची होती. तिचे कौतुक झाले, पण तिच्यासारखी सून हवी, असे कुणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

निवृत्त_पोस्टमास्तर

मी एका मंडळात सहा वर्षे विनामूल्य काम करतो (रानजाईताई गेल्या ते मंडळ नव्हे). इथली चर्चा वाचून टेबलाच्या पलीकडची बाजूही मांडावीशी वाटली.

पहिली गोष्ट म्हणजे हे रकाने मुलांच्या अर्जातही असतात. मुलाने ‘स्थूल’ लिहिले तर कुणी दुसरा फोन करत नाही. मुलीने लिहिले तर फोनच येत नाही. हा अर्जाचा दोष नाही. दुसरी गोष्ट, दोन वर्षांपूर्वी मी कार्यकारिणीच्या बैठकीत हे दोन्ही रकाने काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला होता. मला वाटले होते की विरोध मुलांच्या आई-वडिलांकडून होईल. प्रत्यक्षात तो झाला दोन वधूपित्यांकडून. त्यांचे म्हणणे असे होते की आमची मुलगी गोरी आणि सडपातळ आहे, ती तिची जमेची बाजू आहे, ती तुम्ही का झाकता? एक जण तर म्हणाले, “आम्ही तिच्या खाण्यापिण्याकडे लहानपणापासून लक्ष दिलंय.” प्रस्ताव बारगळला.

तिसरी गोष्ट, रकाना काढून नेमके काय साधते हेही मला कळलेले नाही. शादी डॉट कॉमने जून २०२० मध्ये वर्णानुसार स्थळे चाळण्याची सोय काढून टाकली आणि त्याच सुमारास ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातला ‘फेअर’ही गेला, हे सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले. आमच्याकडे मात्र त्यानंतर फोनवरचा प्रश्न एका शब्दाने वाढला. पूर्वी “मुलगी गोरी आहे ना?” असे विचारत, आता “फिल्टर न लावलेला फोटो पाठवता का?” असेही विचारतात.

शेवटी थोडे स्पष्ट बोलतो. आवड ही प्रत्येकाला असतेच, तिला गुन्हा ठरवता येणार नाही. आणि बांध्याच्या रकान्यामागे निरोगी जोडीदार हवा एवढीच अपेक्षा असेल, तर त्यात इतके वाईट काय आहे?

गल्लीतला_दवाखाना (पुणे)

पोस्टमास्तरांचा शेवटचा प्रश्न मी उचलतो, कारण ‘निरोगी’ हा शब्द या विषयात फार सैल वापरला जातो. मी गेली एकोणीस वर्षे सर्वसाधारण डॉक्टर म्हणून दवाखाना चालवत आहे.

बांध्यावरून आरोग्य ओळखता येत नाही, आणि आपल्या लोकांत तर विशेषच येत नाही. वजन भागिले उंचीचा वर्ग हे सूत्र १८३० च्या दशकात बेल्जियमच्या केटले या गणितज्ञाने मांडले. त्याला ‘बीएमआय’ हे नाव १९७२ मध्ये अॅन्सेल कीज यांनी दिले, तेही पुरुषांच्या मापांवरून. हे सूत्र आपल्याकडे कसे फसवते, हे पुण्यातच दाखवले गेले आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्या मातांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांची बाळे जन्मली सरासरी २.७ किलोंची, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली बाळे ३.५ किलोंची होती. परंतु पुण्याच्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू आणि पोटातले अवयव. त्वचेखालची चरबी तितकीशी कमी नव्हती. बाळ दिसायला बारीक, आतून चरबीचे. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र छापून आले. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. अर्जात दोघांनीही ‘सडपातळ’ लिहिले असते.

याच अभ्यासाच्या प्रकाशात रानजाईंच्या आईची हकिकत वाचली तर एक अडचणीची गोष्ट कबूल करावी लागते. किडकिडीत मुलीला बाळंतपण जड जाईल, ही त्या काळच्या बायकांची भीती सर्वस्वी चुकीची नव्हती. चूक होती ती उपायात. त्या मुलीला खारीक-दूध मिळाले ते पाहण्याच्या कार्यक्रमाआधी तीन महिने. ते तिला दहाव्या वर्षापासून, भावाच्या बरोबरीने मिळायला हवे होते. दुसरा परकर बाळाला काही देत नाही.

आणि आजचे चित्र याहून फार निराळे नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच सर्वेक्षणात १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश होत्या आणि २४ टक्के अधिक वजनाच्या किंवा स्थूल होत्या. पोस्टमास्तर, तुमच्या मंडळाला खरोखरच निरोगीपणा हवा असेल तर ‘बांधा’ खोडून तिथे ‘हिमोग्लोबिन’ लिहा आणि तो रकाना मुलांच्या अर्जातही ठेवा.

वर्णाबद्दल दोन अनुभव सांगतो. आया आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना घेऊन येतात आणि मान दाखवतात. मानेवर मागच्या बाजूला काळपट, किंचित जाडसर, मखमलीसारखा पट्टा असतो. महिनोन्महिने डाळीचे पीठ, लिंबू आणि काथ्या यांनी घासून ती कातडी लाल झालेली असते. तो मळ नसतो आणि उन्हाचा डागही नसतो. त्याला अकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात आणि बऱ्याचदा ते शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याचे लक्षण असते. अशा मुलींची पाळीही पुष्कळदा अनियमित असते. मी पाळीबद्दल विचारले की आई म्हणते, “ते नंतर बघू डॉक्टर, आधी मानेचं सांगा.” शरीर एक निरोप देत असते आणि घर तो निरोप रंगाची तक्रार म्हणून वाचते.

दुसरा अनुभव औषधांच्या दुकानातल्या मलमांचा. मैत्रिणीने सांगितले म्हणून मुली स्टेरॉइड असलेले मलम चेहऱ्याला लावतात. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या आणि लव येते, आणि मलम थांबवले की चेहऱ्याची आग होते, म्हणून ते थांबवताही येत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडे असलेली मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, पण नियम आणि गल्लीतला काउंटर यांच्यात बरेच अंतर असते. हे मलम आणणारी जवळजवळ प्रत्येक मुलगी मला लग्नाची तारीख सांगते.

पायवाट (लातूर)

आतापर्यंतची सगळी चर्चा वाचली. उत्तम आहे, पण तिच्यात एक घर गृहीत धरलेले आहे, आणि ते माझे नाही.

माझी आई शेतमजूर होती. तिच्या बारीकपणावर खारीक-दुधाचा उपाय कुणी केला नाही, कारण आमच्या वस्तीत सगळ्याच बायका तशा होत्या आणि दुसरा परकर कुणाकडे नव्हताच. उन्हाने तिचे हात कोपरापर्यंत रापलेले होते; त्यावरचा तोडा उन्हात ठेवलेल्या पितळेसारखा तापे. मी शाळेत शिक्षिका झाले तेव्हा स्टाफरूममध्ये एक बाई कौतुकाच्या सुरात मला म्हणाल्या, “तू त्यांच्यातली वाटत नाहीस गं, उजळ आहेस.” त्या एका वाक्यात ‘वर्ण’ या शब्दाचे दोन्ही अर्थ होते आणि ते त्यांच्या लक्षातही आले नव्हते. अर्जातला तो शब्द नुसता कातडीचा नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

अंगावरून जात ओळखता यावी अशी व्यवस्थाच होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले, तेव्हा त्यांनी साडी नेसण्याच्या पद्धतीबद्दल आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या-चांदीच्या दागिन्यांबद्दल मुद्दाम सांगितले होते. ती तुमच्या अस्पृश्यतेची निशाणी आहे, ती टाका, असा त्याचा आशय होता. बायकांनी लागलीच घोट्यापर्यंत साड्या नेसायला सुरुवात केली. काजबटणताई, न शिवलेल्या कापडाला माप नसते हे खरे, पण ते गुडघ्यापर्यंत नेसायचे की घोट्यापर्यंत, हे ठरवणारे लोक होतेच.

म्हणून रानजाईंच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. दुष्काळात जेव्हा बहुतेकांची हाडे दिसत होती, तेव्हा भरलेले अंग हे खात्यापित्या घराचे लक्षण होते. आता वडापाव सर्वांना परवडतो आणि जिमची फी व मोकळा वेळ थोड्यांनाच परवडतो, तेव्हा सडपातळ अंग हे त्याच घराचे लक्षण झाले. माप उलटले कारण मोजायचे होते ते अंग नव्हतेच. या बाईला कष्ट करावे लागतात की नाही, हे मोजायचे होते. गोरेपणाचा आदर्श हलला नाही, कारण ऊन अजूनही त्याच माणसांच्या वाट्याला येते. तुमची मुलगी अभियंता म्हणून उन्हात उभी राहते, पण मंडळातल्या बाईंना तिच्या हातावर दिसते ते मजुराचे ऊन.

आता कुणी तरी विठ्ठल सावळा आहे, द्रौपदीचे नाव कृष्णा आहे, असे लिहील, म्हणून आधीच सांगून ठेवते: विठ्ठलाला कुणी कांदेपोहे घेऊन बसवलेले नाही.

निवृत्त_पोस्टमास्तर

पायवाटताईंच्या लिहिण्यावर मला लगेच उत्तर सुचत नाही. डॉक्टरसाहेबांची हिमोग्लोबिनची सूचना मात्र मी येत्या बैठकीत मांडणार आहे. ती हसण्यावारी जाईल, हेही मला माहीत आहे. आवडीबद्दल मी जे लिहिले, ते मात्र मागे घेत नाही. माझ्या पत्नीला पाहायला गेलो तेव्हा मला ती आवडली होती, आणि ती कुठल्या रकान्यात बसते हे मी पाहिले नव्हते. पण माझ्या आईने ते पाहिले असणार, हे आज लिहिता लिहिता लक्षात आले.

रानजाई (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. मी हा धागा मुलीला आणि आईला मोठ्याने वाचून दाखवला. आईने काजबटणताईंचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला आणि मग एवढेच म्हणाली की तिच्या लग्नातल्या ब्लाउजलाही अशीच माया होती, आणि मी पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत तिने तोच ब्लाउज उसवून उसवून घातला. डॉक्टरांचे ‘भावाच्या बरोबरीने’ हे शब्द आल्यावर ती उठून आत गेली. तिला दोन भाऊ होते.

मुलीने काल अर्ज पूर्ण केला. ‘वर्ण’ या शब्दावर तिने आडवी रेघ मारली आणि पुढे ‘सध्या पुलाचे काम चालू आहे’ असे लिहिले. ‘बांधा’पुढच्या तिन्ही छापील पर्यायांना हात न लावता तिने चौथा पर्याय हाताने लिहून त्यावर बरोबरची खूण केली: ‘आरसीसी’. मी म्हटले, अगं, अर्ज परत येईल. ती म्हणाली, येऊ दे, नाही तर हसणारे एखादे स्थळ येईल.

आज दुपारी मंडळातून फोन आला होता. बाईंनी आधी आरसीसी म्हणजे नक्की काय लिहायचे आहे ते विचारले, आणि मग आवाज खाली आणून, त्यांच्या धाकट्या मुलीची मान काळी पडते आहे, तुमच्या ओळखीत पुण्याचा कुणी डॉक्टर आहे का, असे विचारले. मी तिच्या पाळीबद्दल विचारले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. डॉक्टरसाहेब, आपण खाजगी निरोपात दवाखान्याची वेळ कळवाल का?